पाटी एकाच्या हाती, नजर दुसऱ्याची

संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास पुण्या-मुंबईतील कोणत्याही चालत्या दवाखान्यात गेलात, तर रुग्णांच्या बाकांपलीकडे, दाराच्या कडेला दोन-तीन माणसे उभी दिसतील. इस्त्रीचा शर्ट, काळे बूट, खांद्याला जड पिशवी. ही औषध कंपन्यांची माणसे. कागदोपत्री 'वैद्यकीय प्रतिनिधी', व्यवहारात 'एमआर'. आपला क्रमांक लागायच्या आत ती आत शिरतील, या धास्तीने बाकावरचा रुग्ण त्यांच्याकडे जरा रागानेच पाहत असतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यांच्या पिशवीत औषधांचे नमुने आणि रंगीत चित्रांची एक जाड फाइल असे. आज फाइलीच्या जागी बहुधा टॅब्लेट असतो. ज्यांनी जन्मभर टॅब्लेट खपवल्या त्यांच्याच हाती टॅब्लेट यावा, हा विनोद त्या व्यवसायात आता शिळा झाला आहे.

या माणसाकडे जरा लक्ष देऊन पाहिले, तर एक चमत्कारिक दृश्य दिसते. गर्दीमुळे डॉक्टर त्याला दोन मिनिटांत वाटेला लावतात. 'ठेवा ते तिथे', एवढेच म्हणतात. तो बाहेर येतो, स्कूटरवर टेकतो, टॅब्लेट उघडतो आणि जी चित्रे डॉक्टरांना दाखवायची होती ती स्वतःच एकेक करून पुढे सरकवतो. प्रत्येक चित्रावर थोडा थांबतो. कारण कोणते चित्र किती सेकंद उघडे होते, याची नोंद यंत्र ठेवत असते. हे त्याला तिथेच करावे लागते. दवाखान्यापासून फार दूर गेल्यास भेटीची नोंद होत नाही, कारण आपण कुठे उभे आहोत हे यंत्राला उपग्रहांच्या आधारे कळते. डॉक्टरांनी न पाहिलेले चित्र अशा रीतीने 'दाखवले' जाते आणि मुख्यालयातील पडद्यावर एका यशस्वी भेटीची भर पडते.

सोबत बाळगता येणाऱ्या यंत्रांनी व्यवसायाचे जग किती गतिमान झाले, याचे गोडवे आपण गेली दोन दशके ऐकत आहोत. त्यात असत्य काहीच नाही. परंतु यंत्र ज्याच्या हातात असते आणि यंत्राने जमवलेली माहिती ज्याच्या हातात जाते, ही दोन निरनिराळी माणसे असतात, याची चर्चा मात्र आपल्याकडे फारशी होत नाही.

मुळात हे यंत्र उभ्या माणसासाठी जन्माला आले नव्हते. नोव्हेंबर २००१ मध्ये बिल गेट्स यांनी अमेरिकेतील कॉमडेक्स प्रदर्शनात पाटीसारखा संगणक दाखवला आणि पाच वर्षांत अमेरिकेत हाच सर्वाधिक खपेल, असे भाकीत केले. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा 'टॅब्लेट पीसी' बाजारात आला. लेखणीने पडद्यावर लिहायचे, बैठकीतील टिपणे तिथेच घ्यायची, अशी ती कल्पना होती. ग्राहक डोळ्यांपुढे होता तो बैठकीला बसणारा अधिकारी. भाकीत खोटे ठरले. यंत्र जड होते, महाग होते आणि अधिकाऱ्याला टंकफलक सोडवत नव्हता. त्याच सुमारास आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांच्या पुढाकाराने 'सिंप्युटर' हे हातात मावणारे यंत्र घडत होते. सामान्य, प्रसंगी निरक्षर माणसाला वापरता यावे हा त्यामागचा हेतू होता. २००४ मध्ये ते 'अमिडा' या नावाने विक्रीसही आले, पण बाजाराने त्याला साथ दिली नाही. हेतूच्या दृष्टीने मात्र सिंप्युटरचे जनक गेट्स यांच्यापेक्षा पुढचे पाहत होते, असे आता मागे वळून म्हणावेसे वाटते.

एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत ॲपलचा आयपॅड आला, जानेवारी २०११ मध्ये तो भारतात विकला जाऊ लागला आणि चित्र पालटले. काही वर्षे तो संचालकांच्या टेबलावरचे मानचिन्ह होता. हळूहळू लोकांच्या लक्षात आले, की बसून काम करणाऱ्याला लॅपटॉप पुरतो आणि चालता-फिरता संदेश पाहणाऱ्याला मोबाइल पुरतो. टॅब्लेटची खरी गरज भासते ती उभ्याने काम करणाऱ्या आणि काम करताना समोरच्याला काही दाखवावे लागणाऱ्या माणसाला. विमा एजंट, औषध प्रतिनिधी, गोदामातला तपासनीस, मोटारींच्या दालनातला विक्रेता, बँकेचे खाते घरी येऊन उघडून देणारा तरुण, हे सारे त्यात आले. साहेबाच्या टेबलावरून निघालेली पाटी शेवटी साहेबाच्या हाताखालच्या माणसाच्या हातात स्थिरावली.

तिने सोय केली हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. विमानचालकांचे उदाहरण बोलके आहे. नकाशे, विमानतळांचे आराखडे आणि कार्यपुस्तिका यांनी भरलेली सोळा किलोंच्या आसपासची पेटी वैमानिक वर्षानुवर्षे वाहत असत. अमेरिकन एअरलाइन्सने २०१३ मध्ये या पेटीची जागा आयपॅडला दिली. वजन घटले, इंधन वाचले आणि नकाशाची नवी आवृत्ती पान बदलण्याच्या खटाटोपाविना प्रत्येकाकडे पोहोचू लागली. एप्रिल २०१५ मध्ये नकाशे दाखवणाऱ्या ॲपमधील दोषामुळे त्याच कंपनीची कित्येक उड्डाणे खोळंबली हेही खरे; पण म्हणून पेटी परत आणा, असे कोणी म्हटले नाही. म्हणायचे कारणही नव्हते. तिथे यंत्र माणसाचे ओझे उचलत होते. ओझे उचलणारे यंत्र कोणालाही हवेच असते.

औषध प्रतिनिधींच्या बाबतीतही आरंभ असाच झाला. पूर्वी दिवसभर दहा-बारा डॉक्टर आणि चार-पाच औषध दुकाने पालथी घातल्यावर रात्री जेवण आटोपून 'डीसीआर', म्हणजे दैनंदिन भेटींचा अहवाल, लिहायचा आणि टपालाने धाडायचा, असा शिरस्ता होता. कुठल्या दुकानात कोणते औषध किती उठले याची आकडेवारी वहीत टिपावी लागे. नवे औषध आले की नव्या फाइली छापून येईपर्यंत वाट पाहावी लागे. टॅब्लेटने हे सारे सोपे केले. एखाद्या डॉक्टरने औषधाच्या दुष्परिणामाविषयी नेमका प्रश्न विचारला, तर 'साहेबांना विचारून सांगतो' असे म्हणण्याऐवजी तिथल्या तिथे संदर्भ दाखवता येऊ लागला. त्या दिवसांविषयी बोलताना जुने प्रतिनिधीही कुरकुर करीत नाहीत.

कुरकुर सुरू झाली ती यंत्र अहवाल लिहिण्याबरोबर अहवाल घेऊही लागले तेव्हा. सकाळी पहिल्या भेटीची वेळ, शेवटच्या भेटीची वेळ, दोन भेटींमधले अंतर, मध्ये कुठे किती थांबला, कोणते चित्र किती सेकंद, हे सारे आपोआप वर जाऊ लागले. ठरलेल्या मुदतीत नोंद न केल्यास दिवस 'कुलूपबंद' होतो. मग तो उघडून घेण्यासाठी वरिष्ठांची विनवणी करावी लागते, नाहीतर त्या दिवसाची रजा लागते. मध्यंतरी कंपनीच्या टॅब्लेटची जागा अनेक ठिकाणी प्रतिनिधीच्या स्वतःच्या मोबाइलने घेतली. यंत्र त्याचे, इंटरनेटचा खर्च पुष्कळदा त्याचा, संपलेली बॅटरीही त्याचीच, आणि ॲप मात्र कंपनीचे. ज्या मोबाइलवर मुलाच्या शाळेचा निरोप येतो, त्याच मोबाइलमधून घराचा पत्ताही कंपनीला कळत राहतो. या व्यवसायात आता स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत. रात्री आठनंतर आपण कुठे आहोत हे एका पुरुष वरिष्ठाला पडद्यावर दिसू शकते, ही जाणीव बाळगून वावरणे काय असते, याचा विचार हे ॲप घडवणाऱ्याने कितपत केला असेल?

कंपन्यांची बाजू पोकळ आहे असे नव्हे. खोटे अहवाल ही या व्यवसायातील जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. उपाहारगृहात बसून सहा डॉक्टरांच्या भेटी लिहून काढणारे बहाद्दर होते. डॉक्टरांसाठी दिलेले नमुने भलत्याच वाटेने दुकानात पोहोचत. पगार, प्रवासभत्ता आणि नमुन्यांचा खर्च करणाऱ्याने हिशेब मागू नये, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या खोटेपणावर उपाय म्हणून हे यंत्र आणले, तो खोटेपणा गेला का? स्कूटरवर बसून एकट्याने चित्रे सरकवणारा माणूस याचे उत्तर देतो. पूर्वी अहवाल खोटा असे आणि तो खोटा असू शकतो हे वरिष्ठ जाणून असे. आता अहवालावर यंत्राचा शिक्का आहे, म्हणून त्यावर विश्वास ठेवला जातो. जुन्या पद्धतीत निदान संशय घ्यायला जागा होती.

दुसरे नुकसान याहून खोल आहे. यंत्राला मोजता येते ती हजेरी. डॉक्टरांशी जमलेला परिचय, औषधाविषयीचे खरे ज्ञान, 'या रुग्णांना हे औषध देऊ नका' असे प्रामाणिकपणे सांगून कमावलेला विश्वास, यांपैकी काहीही सेकंदांत मोजता येत नाही. जे मोजले जाते तेच काम, असे एकदा ठरले की उरलेले काम माणूस हळूहळू सोडून देतो. हे औषधांपुरते नाही. काही महिन्यांपूर्वी एक विमा प्रतिनिधी घरी आले होते. त्यांनी टॅब्लेट पुढे केला आणि चौकटीत बोटाने सही करण्यास सांगितले. ती सही कोणत्या मजकुराखाली होणार, असे विचारल्यावर गृहस्थ गोंधळले. मागचा मजकूर त्यांनाही पटकन उघडता येईना. कागदाचा अर्ज कितीही किचकट असला तरी त्याची पाने आपल्या मांडीवर असत. कामाला लागलेली मिनिटे टॅब्लेट अचूक मोजत होता. ग्राहकाला काय समजले हे मोजण्याची त्यात सोय नव्हती.

सरकारी आणि निमसरकारी क्षेत्रही याला अपवाद नाही. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठावठिकाणा कळवणारी घड्याळे बांधली. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी तर सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलनच केले. यंत्र चालत नाही, दुरुस्तीचा भुर्दंड आपल्यालाच पडतो आणि नोंदीचे नवे ॲप इंग्रजीत आहे, अशी त्यांची तक्रार होती. तंत्रज्ञानाला विरोध करणाऱ्या बायका, अशी त्यांची संभावना काहींनी केली. वस्तुतः खांद्यावर टाकलेल्या नव्या कामाला चालणारे हत्यार द्या, इतकेच त्या मागत होत्या.

आता कायद्याकडे वळू. औषध प्रतिनिधींसाठी १९७६ मध्ये विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र कायदा झाला. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अद्यंतय विरुद्ध सँडोज या खटल्यात असे ठरवले, की औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येनुसार औषध प्रतिनिधी 'कामगार' नव्हे. कारण त्याचे काम अंगमेहनतीचे, तांत्रिक वा कारकुनी अशा त्या व्याख्येतील कोणत्याच प्रकारात बसत नाही. यातला विरोधाभास पाहण्यासारखा आहे. ज्याच्या कामात कारकुनी नाही असे तेव्हा ठरले, त्याच्या दिवसाचा केवढा तरी वेळ आज नोंदी भरण्यात जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने विक्री संवर्धन कर्मचाऱ्याला 'कामगार' या व्याख्येत स्पष्टपणे घेतले, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्याच्या खिशातील यंत्राने काय पाहावे आणि काय पाहू नये, याविषयी ती संहिता बोलत नाही.

ते बोलायला हवे होते वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा करताना. हा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. या कायद्याचा पाया संमतीचा आहे. परंतु सातव्या कलमात संमतीविना माहिती वापरण्याची काही प्रयोजने दिली आहेत आणि त्यांत नोकरीविषयक प्रयोजन आहे. मालकाला हानीपासून वाचवणे, व्यावसायिक गुपितांची चोरी रोखणे हेही त्यातच येते. नोकरीच्या सर्व कामांत पदोपदी संमती घेणे अशक्य आहे, हे मान्य. पगार देण्यासाठी बँकेचा खाते क्रमांक लागणारच. पण पगारासाठी खाते क्रमांक आणि रात्री साडेनऊचा ठावठिकाणा हे दोन्ही 'नोकरीसाठी' या एकाच शब्दाखाली आले, तर सीमा कोणी आखायची?

याहून महत्त्वाची गोष्ट पुढच्या कलमांत आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आपल्याविषयी जमवलेली माहिती पाहण्याचा आणि चुकीची असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क अकराव्या व बाराव्या कलमांत आहे. पण त्यांची शब्दयोजना अशी आहे, की ज्याने माहितीच्या वापराला संमती दिली त्यालाच तो मिळतो. कर्मचाऱ्याकडून संमती घ्यावीच लागत नसल्याने हा हक्कही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, असा सरळ अर्थ निघतो. म्हणजे उपग्रहाचा संकेत तुटला आणि यंत्राने माणसाला दवाखान्याऐवजी दोन किलोमीटरवरच्या बाजारात दाखवले, तर ती नोंद पाहण्याचा वा खोडून काढण्याचा मार्ग या कायद्यात त्याला नाही. बढती आणि बदलीचे निर्णय मात्र त्या नोंदीवर होऊ शकतात. मोठ्या इमारतींच्या दाटीत उपग्रहाचा संकेत चुकतो, हे रिक्षा मागवताना आपण सारेच अनुभवतो. आपली रिक्षा चुकते. त्याचा दिवस बुडतो.

प्रतिनिधींच्या संघटना हा प्रश्न मांडत नाहीत असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी केलेल्या देशव्यापी संपाच्या मागण्यांत इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे होणारी पाळत थांबवा, ही एक मागणी होती. ती एका दिवसाच्या बातमीपलीकडे गेली नाही. कामाच्या वेळेनंतर वरिष्ठांच्या संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क मागणारे विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडले आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडले. पण खासगी विधेयके संमत होण्याची परंपरा आपल्या संसदेत जवळपास नाहीच. फ्रान्समध्ये असा हक्क जानेवारी २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून.

या विधेयकाला 'भारतासारख्या देशाला हे परवडणारे नाही' असे उत्तर नेहमी दिले जाते. हे उत्तर घाईचे वाटते. तंत्रज्ञान एकदा आले की त्याच्या मागे फरफटत जाणे अटळ असते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीत २०११ च्या अखेरीस काय झाले ते पाहावे. त्या वेळी कर्मचाऱ्यांच्या खिशात ब्लॅकबेरी असे आणि त्यावर दिवसरात्र ई-मेल येत. कर्मचारी परिषदेने कंपनीशी बोलणी केली आणि असे ठरले, की पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने कंपनीच्या यंत्रणेनेच त्या फोनवर ई-मेल धाडणे बंद करायचे आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्याआधी अर्धा तास ते पुन्हा सुरू करायचे. फोन करण्याची मुभा राहिली, वरिष्ठ व्यवस्थापनाला नियम लागू नव्हता. ज्या यंत्राने रात्र खाल्ली होती त्यालाच ती परत करायला सांगितले गेले. त्यासाठी नवा शोध लावावा लागला नाही; यंत्रणेतील एक कळ फिरवावी लागली.

औषध प्रतिनिधीच्या ॲपमध्येही अशी कळ बसवता येते. ठरलेल्या वेळेनंतर ठावठिकाणा घेणे बंद व्हावे. जी नोंद वरिष्ठाला दिसते ती त्या माणसालाही दिसावी आणि चूक असल्यास तिच्यापुढे त्याचे म्हणणे लिहिता यावे. किती महिन्यांनी ती पुसली जाईल, हे नेमणूकपत्रातच सांगितलेले असावे. स्वतःचा मोबाइल वापरायला लावणार असाल, तर त्याचे भाडे द्यावे. यातल्या कोणत्याही गोष्टीने औषधाचा खप कमी होणार नाही.

अडचण आहे ती बोलणी करायला माणसांनी एकत्र यायचे कुठे, ही. फोक्सवॅगनचे कर्मचारी एका दारातून आत जात आणि एकाच दारातून बाहेर पडत. फिरतीच्या माणसाला कारखाना नाही, टेबल नाही, डबा खायची ठरलेली जागा नाही. आपल्याच कंपनीचे सहकारी त्याला भेटत ते महिन्याच्या किंवा तिमाहीच्या बैठकीत. एखाद्या हॉटेलच्या सभागृहात दिवसभर आकडे ऐकायचे आणि संध्याकाळी चहाच्या टेबलापाशी एकमेकांची गाऱ्हाणी ऐकायची. टाळेबंदीच्या काळापासून ती बैठकही अनेक कंपन्यांत टॅब्लेटवरच होऊ लागली आहे.